मुहूर्ताची फुंक

सिंदी रेल्वे या गावातल्या प्रभाकररावांच्या कापसाच्या जिनिंगमधला हेड फिटर प्रेमदास ज्या गोष्टीची छाती फुगवून बढाई मारायचा, ती त्याने आयुष्यात कधी केलेलीच नव्हती! "अठ्ठावीस वर्षं झाले जिनिंगमध्ये! पण चहावाचून दुसरं काई या ओठाले लागलं नाई!" हे वाक्य तो दिवसातून चारदा तरी ऐकवायचा. ऐकणारा नवा असेल तर सहादा.

आता तुम्ही म्हणाल, वर्धा जिल्हा दारूबंदीचा, तिथे न पिण्यात कसलं आलंय कौतुक? पण हे म्हणणाऱ्याने आमचा जिल्हा पाहिलेला नाही. जिथे दारूचं दुकान असतं, तिथे माणसाला दुकान टाळून निघता येतं. इथे दुकानच नाही, त्यामुळे ही बाटलीतली बाई कुठल्या वेशात समोर येईल याचा नेम नाही! दुधाच्या कॅनमधून येते, वांग्याच्या पोत्यातून येते. अशा जिल्ह्यात अठ्ठावीस वर्षं कोरडं राहायला खरोखरच जिगर लागते, आणि ती प्रेमदासकडे होती.

म्हणून प्रभाकररावांच्या पुतण्याने, म्हणजे भूपेंद्रने, जिनिंगमध्ये दारू तपासायचं मशीन आणलं तेव्हा सगळ्या कामगारांचे चेहरे उतरले आणि एकट्या प्रेमदासचा खुलला. भूपेंद्र पुण्याला शिकून आलेला. विमा कंपनीवाल्यांनी त्याला सांगितलं होतं, कापसाच्या गंजीपाशी एक पेताड आणि त्याची एक बिडी म्हणजे सगळा हंगाम खाक! मशीन मोबाइलएवढं. वरच्या बारीक तोंडात नळी बसवायची, नळीतून फुंकायचं, की पडद्यावर आकडा येतो. तीसच्या वर गेला की माणूस आठ दिवस घरी!

"दसऱ्याले हंगामाच्या मुहूर्ताच्या दिवशीच सुरू करा साहेब!" प्रेमदास म्हणाला. "आन् पहिली फुंक माही!"

या उत्साहामागे फक्त बढाई नव्हती. घरी त्याची लेक रोशनी होती. रोशनीने केळझरचा नीरज पसंत केला होता, नीरजने रोशनीला. पोरगा चांगला, शेती चांगली, वांगी-टमाटे सेलूच्या बाजारात स्वतः नेणारा. अडलं होतं ते एकट्या नीरजच्या वडिलांवर. पुंडलिकराव म्हणजे मोठे कडक माणूस! त्यांनी निरोप धाडला होता, "जिनिंगमधले लोक पेते. आमच्या घराण्यात सुपारी बी कोणी खात नाई. दसऱ्याले मी कापसाची गाडी घेऊन येतोच आहो. माणूस पाहीन, मंगच हो म्हणीन."

तो निरोप आल्यापासून रोशनी ताटातल्या पोळीचे तुकडे करायची आणि तसेच ताटात ठेवून उठायची. प्रेमदासला ते बघवत नव्हतं. लेकीला तो एवढंच म्हणाला, "घाबरू नको बाई. तुया सासऱ्याच्या डोयादेखत मशीनमध्येच फुंकतो! सरकारी शिक्क्यापरीस पक्कं!"

दसऱ्याला सकाळी सातलाच प्रेमदास आंघोळ करून, टोपी घालून जिनिंगमध्ये हजर झाला. मुहूर्ताआधी सगळ्या मशीनींची पूजा करायचा मान दरवर्षी त्याचाच. या जिनिंगची रीत अशी, की मशीन ज्या तोंडाने खातं, त्या तोंडाचीच पूजा करायची. सरकी काढणाऱ्या जिनच्या तोंडाला हळदकुंकू, फूल आणि पेढा. गठाणी बांधणाऱ्या प्रेसला तेच. वजनकाट्याला तोंड नाही म्हणून त्याला मधोमध. आणि शेवटी सगळ्यांवर गुलाबजल.

नेमकं यंदा गुलाबजल संपलेलं! पण माणूस मोठा हुशार. निघताना त्याने रोशनीच्या कपाटातली मोगऱ्याच्या सेंटची बाटली खिशात टाकली होती. फुस्स करून मारायची! भूपेंद्रच्या टेबलावर ते नवं मशीन दिसताच प्रेमदासला भरून आलं. याच्याच भरवशावर लेकीचं लग्न ठरायचं होतं. त्याने मशीनला कुंकू लावलं, फूल वाहिलं, तोंडात पेढा जाईना म्हणून सेंटची नळकी त्या बारीक भोकाला लावली आणि एकदा नाही, तीनदा दाबली. फुस्स! फुस्स! फुस्स! "सांभाळजो बापा," म्हणून हात जोडले. मग फूल गळून पडलं, कुंकू भूपेंद्रने टिश्यूने पुसून टाकलं, आणि आत काय गेलंय ते एकट्या मशीनलाच ठाऊक राहिलं.

नऊ वाजता फाटकासमोर मांडव भरला. पुंडलिकरावांची गाडी सगळ्यात पुढे, बैलांच्या शिंगांना झेंडूच्या माळा. पुंडलिकराव पांढऱ्याशुभ्र धोतरात, पिळदार मिशीत, हात मागे बांधून उभे. भूपेंद्रने छोटंसं भाषण केलं आणि म्हणाला, "पहिली टेस्ट आपल्या सगळ्यांचा आदर्श, प्रेमदासभाऊ!"

टाळ्या पडल्या. प्रेमदासने व्याह्याकडे पाहून नमस्कार केला आणि अशी फुंक मारली, की गाडीवरचा कापूसही हलला असेल!

मशीन किंचाळलं. भूपेंद्रने आकडा वाचला, मशीन हलवलं, पुन्हा वाचला.

"दोनशे बारा."

"म्हंजे चांगलं ना?" प्रेमदासने विचारलं.

"भाऊ, दोनशे बारा म्हणजे माणूस उभा कसा आहे असा प्रश्न पडतो!"

मांडवात बैलांचं रवंथ तेवढं ऐकू यायला लागलं. मग चौकीदार रूपराव हळूच म्हणाला, "बापा बापा! आन् सकाळी सकाळी!"

"अरे, मी? मी पेतो?" प्रेमदासचा आवाज चिरकला. "माया घरी खोकल्याचं औषध बी आणत नाई मी!"

"मले पहिलेच वाटत होतं," मागून कुणीतरी म्हणालं. "जो माणूस रोज सांगते पेत नाई म्हणून, त्याच्यावरच ध्यान ठेवा लागते."

पुंडलिकरावांनी फक्त बैलांची दोरी हातात घेतली. प्रेमदासला रोशनीचं ताट दिसलं.

"थांबा! थांबा जी! परत घ्या माही!" त्याने तांब्याभर पाणी तोंडात घेऊन खळखळून चूळ भरली, दुसऱ्या नळीने पुन्हा फुंकलं. एकशे सत्त्याऐंशी.

"उतरून राह्यली!" रूपराव आनंदाने ओरडला. "भाऊ, थोडं लिंबू चाखा!"

"अबे, चढलीच नाई तं उतरन कशी!"

"नियम म्हणजे नियम," भूपेंद्र म्हणाला. त्यालाही वाईट वाटत होतं, पण पुण्यात हे शिकवलेलं नव्हतं. "आठ दिवस घरी बसा भाऊ."

तेव्हा प्रेमदास चवताळला. "मशीन खोटं बोलून राह्यलं! याले फुंकायले सांगा!" आणि त्याने रूपरावाला दंडाला धरून पुढे ओढलं. रूपरावाने फुंकलं. एकशे चौसष्ट! रूपराव पांढराफटक पडला.

"पण साहेब... मी तं परवा घेतलती! आन् ते बी अर्धीच!"

आता हे त्याला कुणी विचारलं होतं का? पण मशीनचा धाकच तसा. मागे उभ्या चार जणांनी लगेच आपापल्या तारखा सांगून टाकल्या. भूपेंद्रने कपाळाला हात लावला.

कापसातला कचरा निवडणाऱ्या बायकांची मुकादम मीराबाई कमरेला पदर खोचून पुढे आली. "इकडं आणा ते! एकादशीले पाणी बी पेत नाई मी! पाहू माया तोंडात काय सापडते!" एकशे एक्केचाळीस सापडले. मीराबाईने मशीनला अशा काही शिव्या घातल्या, की त्या इथे छापता येणार नाहीत. मग खुद्द मालक प्रभाकरराव उठले. त्यांना ॲसिडिटी, ताकाशिवाय दुसरं काही चालत नाही. त्यांचे एकशे अठरा भरले!

"काका!" भूपेंद्र म्हणाला.

"काका काय काका? ताक पेलं मी! ताक!"

आणि मग पुंडलिकरावांनी दोरी सोडली. मिशीवर ताव दिला. "आणा इकडं. सत्तरी आली माही. आमच्या घराण्यात सुपारी बी खात नाई कोणी. आता हेच पाहू, हे मशीन मले काय म्हणते!" आणि फुंकलं. सत्त्याण्णव!

कुणी हसलं नाही. हसायची कुणाची टाप होती? पुंडलिकराव मात्र नाक फेंदारून इकडेतिकडे बघायला लागले. "हे माया मिशीले वास काऊन येऊन राह्यला? मोगऱ्याचा?"

मीराबाईने पुढे होऊन मशीनच हुंगलं. "अवो, हा तं सेंट होय! माया लेकीच्या, मयुरीच्या लग्नात असाच मारला होता! थेट स्पिरिट रायते त्यात!"

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. प्रेमदासचा हात आपोआप खिशाकडे गेला, आणि खिशातून बाटली बाहेर आली.

"तुम्ही सेन्सरमध्ये सेंट मारला?" भूपेंद्रने बाटली हातात घेत विचारलं.

"मंग? मशीनच होय ना ते? जिनची करा, प्रेसची करा, आन् याची पूजा नाई करायची? नवं मशीन, दसऱ्याचा दिवस, आन् याचंच तोंड उपाशी?"

प्रभाकरराव ठामपणे म्हणाले, "पूजा तं झालीच पायजे. त्यात प्रेमदासचं काई चुकलं नाई." आणि मांडव इतका वेळ दाबून धरलेलं हसू एकदम सोडून मोकळा झाला. रूपराव तेवढा हसला नाही. त्याची तारीख सांगून झाली होती.

मशीन पुसलं, उन्हात ठेवलं, टेबलफॅनसमोर धरलं. तासाभराने भूपेंद्रने नव्या नळ्या काढल्या. प्रेमदास शून्य! मीराबाई शून्य! प्रभाकरराव शून्य! प्रत्येक शून्याला टाळ्या. अर्धी परवाची असल्यामुळे रूपरावही शून्य, आणि त्याने तर बैलासमोरच नारळ फोडला. पुंडलिकराव हे सगळं पाहत होते, पण पुढे येत नव्हते. "आमचं राहू द्या. उशीर होऊन राह्यला मुहूर्ताले."

"असं कसं जी!" प्रेमदास म्हणाला. आता त्याला पंख फुटले होते. "तुमच्या नावावर सत्त्याण्णवचा डाग काऊन रायला पायजे? एक फुंक मारा न् मोकळे व्हा!" लोकही म्हणाले, हो हो, मारा. तेवढ्यात प्रभाकररावांनी भूपेंद्रला गाडीच्या पूजेला हाक मारली. त्याने मशीन प्रेमदासच्या हातात दिलं, आणि सगळा मांडव गाडीकडे सरकला.

पुंडलिकरावांनी फुंकलं. जरा बेतानेच फुंकलं. प्रेमदासने पडदा पाहिला. चष्मा पुसून पुन्हा पाहिला.

शेहेचाळीस.

त्याने मशीन नाकाला लावलं. मोगऱ्याचा वास कणभर नव्हता. मान वर केली, तर पुंडलिकरावांची ती पिळदार मिशी पार खाली आली होती.

"गुडघ्याचं औषध होय," पुंडलिकराव अगदी बारीक आवाजात म्हणाले. "वैद्यानं सांगितलं. सकाळी एक ढक्कन. घरी कोणाले मालूम नाई."

प्रेमदासच्या डोक्यात खूप काही येऊन गेलं. अठ्ठावीस वर्षं एकाही पेताडाला त्याने सोडलं नव्हतं. भावाच्या साडूला त्याने पंगतीतून उठवलं होतं! पण रोशनीने नीरजला पसंत केलं होतं, त्याच्या बापाच्या गुडघ्याला नव्हे. गाडीकडून भूपेंद्र ओरडला, "काय आला आकडा, प्रेमदासभाऊ?"

"शून्य!" प्रेमदास ओरडला. इतक्या जोरात, की बैल दचकले.

पुंडलिकरावांनी त्याचा हात दोन्ही हातांत धरला. डोळ्यांत खरंच पाणी होतं. "व्याही," ते म्हणाले, "तुमच्यासारखा माणूस मले पुऱ्या जिल्ह्यात भेटला नसता. दिवाळीनंतरचीच तारीख काढू. आन् देण्याघेण्याचं नाव बी काढायचं नाई."

प्रेमदास दुपारभर हवेत होता. घरी फोन करून झाला, बायको मनकर्णा रडून झाली, रोशनीने आज दोन वेळा वाढून घेतल्याचं कळलं. चार वाजता भूपेंद्रने त्याला ऑफिसात बोलावलं. भूपेंद्रसमोर लॅपटॉप, लॅपटॉपला वायरीने जोडलेलं ते मशीन.

"भाऊ, यात सगळ्या टेस्ट वेळेसकट साठतात. विमावाल्यांना आजच पाठवायच्या आहेत. सेंटच्या सहा मी काढून टाकल्या. पण ही एक शेवटची आहे, दहा वाजून बावन्न मिनिटांची, मशीन तुमच्या हातात असतानाची. शेहेचाळीस. ही कोणाची?"

दारात रूपराव चहा घेऊन उभा होता. प्रेमदासने लॅपटॉपकडे पाहिलं. रूपरावाकडे पाहिलं. मग खिडकीबाहेर, जिथून केळझरची गाडी रिकामी होऊन परत निघाली होती, तिकडे पाहिलं.

"माही," तो म्हणाला.

"तुमची? पण तुमचा तर दहा-चाळीसला शून्य आला होता!"

"हो ना," प्रेमदास मान खाली घालून म्हणाला. "शून्य आल्याच्या खुशीत घेतली थोडीशी."

आठ दिवसांची रजा लिहून झाली. प्रेमदास टोपी सारखी करून फाटकाबाहेर पडला, तेव्हा रूपराव त्याच्यामागे धावत आला आणि अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदाच त्याच्या खांद्यावर हात ठेवून, जरा रुसूनच म्हणाला, "खुशीत घेतली तं घेतली भाऊ. पण एकट्यानंच?"