बखर उचलीच्या तपेल्याची

चुलीस वंदन, चुलीतील अग्नीस वंदन, आणि सर्वांची पाने वाढून जाहल्यावर जी उरलेले खाते तिजला सर्वांआधी वंदन. शके एकोणीसशें सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, ते साली राज्यात जे भय उपजले आणि ज्या रीतीने त्याचे निवारण जाहले, ते वर्तमान पुढे लिहिले आहे.

राज्य लहान, परंतु दिमाख थोर. चहूंकडील मुलखांत मांसमच्छी राजरोस चाले, अंडे तर भाजीपाल्यात जमा जाहले होते, परंतु या राज्याचे मुदपाकखान्यात सात पिढ्यांत कांद्याखेरीज कोणाचे गळ्यावर सुरी फिरली नाही, आणि चातुर्मासात कांद्यासही अभय असे. या राज्याचे मोठे भूषण म्हणजे उचलीचा मान. नवान्नपौर्णिमेस नव्या तांदुळाचे तांब्याचे तपेले चुलीवर रटरटावे, आणि भरल्या दरबारात राणीने फडके न घेता, सांडशी न लावता, उघड्या हातांनी ते उचलून शेजारचे चौरंगावर देवापुढे ठेवावे, आणि मुखावर आठी उमटू नये, ऐसी रीत. ती थोरल्या आईसाहेबांनी घातली. त्यांचे हातास ताप लागत नसे, आणि दरबारचे आबाशास्त्री सांगत की ज्याचे अन्न शुद्ध त्यास अग्नी ओळखतो, आणि शेजारचे राजे हे ऐकोन वचकून असत. पुढे आईसाहेब पाय आपटीत चालू लागल्या, आणि पायातील वहाण गळून पडे तरी त्यांस ठाऊक नसे, मागोन दासी वहाण घेऊन धावे, तेव्हां दरबाराने त्यास वैराग्याची चाल म्हटले. मग त्या पोटचे पुत्रास, म्हणजे सांप्रतचे महाराजांस, आपण कोण म्हणोन पुसू लागल्या, तेव्हां दरबाराने त्यास विरक्ती म्हटले. त्या वारल्या, आणि त्यांचे वृंदावनावर तेच शब्द कोरिले गेले.

त्यांचे मागे मान आला तो सूनबाईंकडे, म्हणजे राणी मथुराबाईसाहेबांकडे. बाईसाहेब करड्या, कामसू, आणि मनातले मनात ठेवणाऱ्या. पहिली कैक वर्षे त्यांचे हात भाजत, त्या मागाहून कोणाचे दृष्टीस न पडता तूप चोळीत आणि दुसरे दिवशी हातभर बांगड्या चढवून पंगतीत वाढीत. मग हळूहळू भाजेनासे जाहले. बाईसाहेब मनात संतोषल्या की आपलीही पुण्याई फळास आली. दूधदही महाराजांचे पंगतीस जाई, मग पाहुण्यांस, मग लेकरांस, आणि बाईसाहेबांचे वाट्यास ताकाची निवळी येई. त्यावर सोमवार, एकादशी, संकष्टी होतेच. याचा हिशेब कोणी मांडिला नाही, कारण राज्यात बायकांचे पान कोणी पाहात नसे.

त्या चैत्रात बाईसाहेब फोडणीस बसल्या होत्या, आणि दासीशी बोलता बोलता त्यांनी न पाहता मिसळणाचे डब्यात हात घातला आणि मोहरी म्हणोन तेलात सोडिली, ती तडतडली नाही. पाहतात तो जिरे. जन्मभर ज्या बोटांनी अंधारात डाळी ओळखिल्या, त्या बोटांस जिरे आणि मोहरी यांत भेद कळेना. बाईसाहेबांनी डोळे मिटून पुन्हा चिमूट घेतली, पुन्हा चुकल्या. त्याच दिवशी सोप्यातून देवघराकडे गेल्या, आणि तेथे आपले पायांकडे पाहतात तो एका पायात वहाण आहे, दुसरी मागे सोप्यात पडली आहे, आणि दासी ती उचलून हसतमुखाने घेऊन येत आहे. ती म्हणाली, अगदी थोरल्या आईसाहेबांसारख्या दिसता. दासीने ते कौतुकाने म्हटले. बाईसाहेबांनी वहाण घेतली, परंतु पायात घातली नाही. त्यांनी थोरल्या आईसाहेबांचे हात धुतले होते, केस विंचरले होते, अखेरीस घास भरविला होता, आणि वहाणेनंतर काय येते ते या राज्यात त्यांच्याइतके कोणी पाहिले नव्हते. मग त्यांस एक एक आठवू लागले. सुनेस हाक मारताना नाव जिभेवर येईना म्हणोन आपण ‘अगं बाळ’ म्हटले आणि सून ते माया समजली. न्हाणीघरात तोंडावर पाणी घेताना डोळे मिटले की तोल जातो. जीभ सोलल्यासारखी लाल असते. हे सारे आठवून बाईसाहेब कोठीत पोत्यावर बसून राहिल्या.

त्या दिवसांत महाराजांचे खोकल्यास पाहावयास गोपाळ निंबाजी वैद्य येत असत, पुस्तकात पाहून खात्री केल्याशिवाय औषध न देणारे. त्यांस बाईसाहेबांनी गुडघेदुखीचे निमित्त करून आत बोलाविले. वैद्यांनी गुडघा पाहिलाच नाही. त्यांनी बाईसाहेबांस पाय जुळवून डोळे मिटावयास सांगितले, आणि बाईसाहेब कलंडल्या तेव्हां दासीने सावरिले. मग पिसाने तळवा स्पर्शिला, आणि पुसिले की कोठे लागले, तेव्हां बाईसाहेब म्हणाल्या की अजून आपण लावलेच कोठे. वैद्य रक्त काढून घेऊन गेले, आणि चार रोजांनी परत आले ते गंभीर मुद्रेने. त्यांनी सांगितले की देहास एक जीवनसत्त्व लागते, वैद्यलोक त्यास बी-बारा म्हणतात, ते मांसमच्छीत असते, अंड्यात असते, दूधदह्यात थोडे असते, आणि भाजीत, डाळीत, भाकरीत नसते म्हटले तरी चालेल. ते सरले म्हणजे हातापायांच्या नसा मरगळतात आणि पुढे बुद्धीसही धक्का पोचतो. बाईसाहेबांचे रक्तात ते तळास गेले आहे. त्याचे औषध तांबड्या रंगाचे, सुईवाटे द्यावयाचे.

बाईसाहेबांनी तांबडा रंग ऐकोन पदर तोंडास लावला आणि हळूच पुसिले, “त्यात कोणाचा जीव जातो का?”

“नाही बाईसाहेब. ते डोळ्यांस न दिसणारे जंतू तयार करतात, दही लागते तसे. कोठे सुरी लागत नाही.”

“मग आमचे पूर्वज हे न घेता कसे जगले?”

“जगले ते आपण लिहून ठेवले,” वैद्य बोलिले, “शेवटी चालत कसे होते ते कोणी लिहिले नाही.”

मग वैद्यांनी हेही स्पष्ट केले की साऱ्या राज्यास सुया टोचा ऐसे आपले म्हणणे नाही. ज्याचे पानात रोज दूधदही पडते त्याचे बहुधा निभावते, तरी शाकाहारी घराने रक्त तपासून पाहावे, उणे निघाल्यास गोळी किंवा सुई घ्यावी, आणि गरोदर बाईने तर मुळीच हयगय करू नये, कारण गर्भ आईकडून घेतो, आणि आईपाशीच नसले तर मूल मलूल निपजते, मान धरण्यास उशीर करते. बाईसाहेबांनी सुई घेतली, आणि घरात गुडघ्याची म्हणोन सांगितले. पहिले काही आठवडे हातापायांस मुंग्या आल्या, मग जिभेची आग निमाली, आणि श्रावण सरता डोळे मिटून घेतलेली चिमूट मोहरी निघाली. बाईसाहेबांस हसू यावयाचे ते रडू आले. कारण आता भय दुप्पट जाहले. औषधाने हात परत येतो, तर हात गेला होता तो पुण्याईने नव्हे. आणि मग सूनबाईंचे काय.

सूनबाई वेणूबाई, युवराजांच्या राणी, तितक्याच कडक घरच्या लेकी, सासूबाईंचे पाठीमागे जेवणाऱ्या, आणि त्या समयी पाचव्या महिन्यात. दुधाचा वास सोसेना म्हणोन त्यांनी दूध टाकिले होते. बाईसाहेबांनी एके दिवशी त्यांस मिसळणाचा डबा पुढे करून, डोळे मिट आणि मोहरी दे, असे सहज म्हटले. वेणूबाईंनी हसत हसत जिरे दिले. पुन्हा म्हटले, पुन्हा जिरे. बाईसाहेबांचे हातून डब्याचे झाकण पडले. इकडे दरबारात भलताच आनंद चालला होता. बाईसाहेब थकल्या म्हणोन या वर्षीचा मान सूनबाईंस द्यावा ऐसे ठरले होते, आणि वेणूबाईंनी सरावास गरम तांब्या उघड्या हाती धरिला आणि भुवईही हलली नाही, तेव्हां आबाशास्त्री गहिवरून बोलिले की वंशाचे तेज आता गर्भातही उतरले. साखर वाटली गेली. बाईसाहेबांनी साखरेचा खडा तोंडात घातला आणि तो गिळता गिळेना.

मग बाईसाहेब महाराजांकडे गेल्या, आणि सुनेचे रक्त तपासावे, सुई द्यावी, म्हणोन विनंती केली. महाराज दुष्ट नव्हते, परंतु भित्रे होते. त्यांनी पुष्कळ विचार करून सांगितले की नवान्न होऊन जाऊ द्यावे. आबाशास्त्री पडद्याबाहेरून बोलिले की सुनेस रोग म्हटला म्हणजे बाईसाहेबांस रोग म्हणावा लागेल, आणि मग थोरल्या आईसाहेबांसही रोगीच म्हणावे लागेल, वृंदावनावरील अक्षरे कोण पुसणार. महाराजांनी मान खाली घातली. ती त्यांची आई होती. बाईसाहेब परतल्या, आणि त्या दिवसांपासून नवान्नापर्यंत त्यांस अन्न गोड लागले नाही. सून पायरी उतरू लागली की त्यांची नजर तिचे पायांवर खिळे. पोरगी कोठे पडेल, पोटातल्यासकट पडेल, आणि दरबार त्यास काहीतरी सुंदर नाव देईल, हेच एक भय त्यांस उठता बसता खाऊ लागले. बोलावे तर राज्याची अब्रू जाते आणि आपली उभ्या हयातीची कीर्तीही जाते. न बोलावे तर पोर जाते.

पौर्णिमा आली. दरबार भरला, चौघडा वाजला, नवा भात शिजून तपेल्याचे कडेस फेस आला. वेणूबाई शालू नेसून चुलीपाशी आल्या, आणि इतक्यात मथुराबाईसाहेब पुढे होऊन म्हणाल्या की शेवटची एक उचल आपण करू. लोकांस ते शोभेचे वाटले, मार्ग जाहला. बाईसाहेबांनी पदर खोचला, दोन्ही हात तपेल्याचे कडेस लाविले, आणि तत्क्षणी ओढून घेतले. पंजे लाल जाहले, डोळ्यांत पाणी आले.

“भाजतंय,” बाईसाहेब बोलिल्या.

चौघडा थांबला. आबाशास्त्रींचे हातातील अक्षता सांडल्या. कोणी म्हणाले अपशकुन, कोणी म्हणाले बाईसाहेबांचे हातून काही पाप घडले. सासूबाईंची लाज राखावी म्हणोन वेणूबाई लगबगीने पुढे सरल्या, आणि कोणी काही म्हणण्याआधी त्यांनी दोन्ही हातांनी तपेले धरिले, आणि सासूबाईंकडे पाहून गोड हसल्या.

“मला नाही भाजत, आईसाहेब.”

बाईसाहेबांनी सुनेची मनगटे धरोन हात हिसकून सोडविले आणि पाण्याचे घंगाळात बुडविले. तळव्यांवर फोड उठू लागले होते, आणि वेणूबाई ते पाहात होत्या जणू हात दुसऱ्याचे आहेत, आणि अजून हसतच होत्या. ते हसू पाहून दरबारात पहिल्यानेच कोणाचा तरी जीव घाबरा जाहला. मग बाईसाहेब सुनेचे हात न सोडता महाराजांकडे वळोन बोलिल्या ते सर्वांनी ऐकिले:

“हे पुण्य नाही. हा आजार आहे. मला होता, सुई घेतली, हात परत आले, म्हणून आज भाजलं. हिला आहे. आणि थोरल्या आईसाहेबांना होता. त्या आपल्याला ओळखत नव्हत्या, महाराज, आणि आम्ही सगळे त्यांच्या पाया पडत होतो.”

भात खाली लागून करपल्याचा वास सुटला, तरी कोणी चुलीकडे गेले नाही. मग महाराज आसनावरून उठले, आपणच सांडशी मागितली, तपेले उतरविले, आणि गोपाळ निंबाजी वैद्यांस बोलावण्याची आज्ञा केली.

सारांश ऐसा की वेणूबाईंचे रक्त पाहिले, त्यात उणे निघाले, सुया दिल्या, हातांचे फोड बरे जाहले आणि एक डाग राहिला तो राहिला. घरोघर रक्ते तपासली, कोणास उणे निघाले, कोणास नाही, आणि ज्यांस निघाले त्यांपैकी बहुतेक पंगतीस शेवटी बसणाऱ्या बायका होत्या, तेव्हां दह्याचे भांडे आधी आत फिरू लागले. राज्य शाकाहारीच राहिले. आबाशास्त्री काही काळ रुसून होते, मग गुपचूप गोळी घेऊ लागले. माघात वेणूबाईंस पुत्र जाहला. बाळ मलूल तर नाही ना, म्हणोन मथुराबाईसाहेब बारशापर्यंत धड झोपल्या नाहीत. बारशाचे दिवशी सर्वांदेखत वैद्यांनी बाळाचे तळव्यास पिसाचा देठ हलकेच टोचला, आणि बाळाने पाय झटकन ओढून घेतला आणि टाहो फोडला. तो टाहो ऐकोन बाईसाहेब भिंतीस टेकून खाली बसल्या, आणि बाळास उगी करावयास कोणासही जाऊ देईनात. इतके घडले, तितके लिहिले.