आपणहून झालेला मामा

पत्रिका मिळो न मिळो, आमच्या औशात कुठंही लग्न निघालं की गल्लीतला पन्नाशीचा गोविंदा पिशवीत स्वतःचा तयार फेटा घेऊन मंगल कार्यालयात हजर! त्याला कुणी मामा केलं नव्हतं, तोच झाला होता. नवरीमागं जाऊन उभं राहायचं, तिच्या बापाला खुशाल 'दाजी' म्हणायचं, आचाऱ्याला "वरणात मीठ कमी हाय" म्हणून सुनवायचं. कुणी हटकलं की एकच उत्तर, "असू द्या हो, मामा हाय ना!"

मला त्याचा भयंकर राग यायचा. माझ्या लेकीच्या लग्नात तर बायकोला बजावलंच होतं, "ह्या बाबाला स्टेजवर चढू द्यायचं न्हाई." बायकोचा सख्खा भाऊ, देवणीचा बापूराव, होता की खरा मामा!

अन् नेमका तोच रुसला. का, तर पहिला फेटा मुलाकडच्या मामाला बांधला. खांद्यावरचा टॉवेल झटकून जो बाहेर गेला, तो गेलाच. मीही तापलो. म्हटलं, "जाऊ दे, त्याची आरती ओवाळायला मला वेळ न्हाई!"

गुरुजी माइकवरून ओरडायले, "मामा, मुलीला घेऊन या!" मुलाकडचे घड्याळं बघायले. लेक खोलीत अडून बसली, मामा आल्याशिवाय निघत नाही म्हणे. बायको कोपऱ्यात रडायली. माझ्या तोंडचं पाणी पळालं. गोविंदा फेटा घालून दाराशी उभाच होता. शेवटी झक मारत म्हणालो, "गोविंदा, तूच हो बाबा उभा."

आयुष्यात पहिल्यांदा त्याला कुणी मामा हो म्हणत होतं. त्यानं फेटा नीट केला, पण जागचा हलला नाही.

"मामा हाय ना, दाजी. फाटकाबाहेर जीपमधी बसलाय."

अन् पळतच बाहेर गेला. मी मागोमाग. गोविंदानं डोक्यावरचा फेटा काढून बापूरावच्या डोक्यावर ठेवला, हात जोडले.

"चला. पोरगी थांबलीय."

"तू कोण रे मला सांगणारा?"

"कुणी न्हाई. माझ्या भाचीच्या लग्नात मी बी असाच रुसून स्टँडवर बसलो होतो. कुणीतरी बोलवायला येईल म्हणून. अक्षदा पडल्या, पंगती उठल्या, कुणी आलं न्हाई. बहिणीनं पुन्हा दार उघडलं न्हाई मला."

बापूराव फेटा सावरत जीपमधून उतरला.

मंगलाष्टकं संपली. गोविंदा पार मागं, बोडक्या डोक्यानं उभा होता. मी त्याला हाताला धरून पुढं आणला, खुर्चीवर बसवला अन् फेटेवाल्याला सांगितलं, "आमच्या ह्या मामाला बांध."

फेटेवाला कापड घेऊन ताटकळत राहिला. गोविंदा काही केल्या मान वर करीना. खाली बघून नुसता रडत होता.