तापल्या ब्रेकवर कळशीभर पाणी

"या खेपेला सोयरीक जमलीच समजा!" विठ्ठलरावांनी सकाळच्या चहालाच जाहीर करून टाकलं. तहसील कचेरीत उभी हयात लोकांच्या दरखास्ती निकाली काढलेला माणूस. पण पोराचं लग्न काही निकाली निघत नव्हतं!

राघवेंद्र हैदराबादला इंजिनियर. पगार चांगला, व्यसन नाही. आता व्यसन नाही असं तरी कसं म्हणावं? त्यानं एक जुनी, लाल, दोन दारांची स्पोर्ट्स कार घेतली होती आणि सुट्टी मिळाली की तो ती शर्यतीच्या ट्रॅकवर नेऊन पिदडायचा. पिदड बाबा, तुझे पैसे, तुझी गाडी! पण मुलगी समोर येऊन बसली की हा ब्रेक पॅडवर व्याख्यान सुरू करायचा. मागच्या खेपेची मुलगी कप घेऊन आत गेली, ती बाहेर आलीच नाही.

"आज ब्रेकचं नाव काढाचं नाही," विठ्ठलरावांनी बजावलं.

"नाही काढत, बाबा."

पोरगा इतक्या लवकर ऐकतो म्हणजे काहीतरी भानगड आहे, हे त्यांना तेव्हाच कळायला हवं होतं!

बाजारहत्नूरला माणिकरावांची मुलगी बघायला जायचं होतं. राघवेंद्रची आई विनोदिनीबाई पेढ्यांचा डबा मांडीवर घेऊन पुढे बसल्या. विठ्ठलराव मागच्या सीटवर, म्हणजे सीट कसली, फळीच ती, गुडघे हनुवटीला लावून बसले. हायवे लागला आणि राघवेंद्रनं गाडी अशी सोडली की विठ्ठलरावांची टोपी मागच्या काचेला चिकटली. मग एकदम कचकन ब्रेक! टोपी पुढे, नाक पुढच्या सीटवर. परत सुसाट, परत ब्रेक!

"अरे, काऊन ब्रेक मारून राह्यला? समोर कुत्रंही नाही!"

"बाबा, कालच ट्रॅकची पॅडं बसवली. उद्या सकाळी ट्रॅक आहे. नवी पॅडं आधी तापवून चाकातल्या लोखंडी डिस्कवर मुरवावी लागतात. शंभरवरून तीसवर, परत शंभर. मधे थांबायचं नाही!"

"आन साध्या पॅडांले काय धाड भरली होती?"

"ती ट्रॅकवर दोन फेऱ्यांत हात टेकतात. ही कितीही तापू द्या, पकडतात. फक्त थंड असली की पकडत नाहीत, किंचाळतात आणि डिस्क खातात."

"म्हणजे माणसात न्याच्या कामाची नाहीत!"

मागून एक ट्रकवाला वैतागून पुढे आला आणि खिडकीतून ओरडला, "चाचा, बच्चे कू गाडी सिखाने कू येईच रोड मिला क्या?" विठ्ठलरावांनी टोपी डोळ्यांवर ओढून घेतली. विनोदिनीबाई पदर तोंडाला लावून रामनाम घेत होत्या.

गावात शिरेपर्यंत चारही चाकांतून धूर निघू लागला, जळका वास सुटला. "आता गार व्हायला गावात दोन चकरा मारतो," राघवेंद्र म्हणाला. पण माणिकराव रस्त्याच्या मधोमध हात उंचावून उभे! तापलेल्या पॅडांनी असं पकडलं की गाडी जागीच थांबली आणि पेढे काचेवर गेले.

पाहुण्याची गाडी दारात आली की चाकांवर पाणी घालायचं, ही त्या घरची रीत. माणिकरावांच्या बायको रेणुकाबाई कळशी घेऊन पुढे झाल्या. तोच राघवेंद्रनं बाहेर उडी मारली.

"पाणी नका टाकू! एक थेंब नको!"

आल्या पाहुण्यानं दारातच घरचं पाणी नाकारलं! माणिकरावांच्या मिशा थरथरल्या. "काऊन? आमच्या घरचं पाणी चालत नाही का तुमाले?"

गेली! ही सोयरीकही गेली! विठ्ठलराव त्या फळीवरून कसेबसे बाहेर पडले. "चालते, चालते! असं कसं चालत नाही? हे पाहा!" असं म्हणून त्यांनी रेणुकाबाईंच्या हातची कळशी घेतली आणि पुढच्या चाकावर बदाबदा ओतली.

फस्स! वाफेचा लोट उठला, कोंबड्या छपरावर गेल्या, आणि चाकाच्या आतून आवाज आला, "टण्ण!"

"तापलेली डिस्क तडकली, बाबा," राघवेंद्र रडवेल्या आवाजात म्हणाला. त्यानं डिकीतून जॅक काढला, गाडी उचलली आणि कमरेपर्यंत आत घुसला तो घुसलाच!

घरात पोहे आले, चिवडा आला, नवरदेव काही आला नाही. "येते, येते," एवढंच म्हणत विठ्ठलराव घाम पुसत राहिले. शेवटी मुलगीच, शाळेत मास्तरीण असलेली शुभांगी, चहा घेऊन अंगणात गेली आणि गाडीबाहेर आलेल्या दोन पायांजवळ बसली. विठ्ठलराव खिडकीला चिकटले. गाडीखालून व्याख्यान सुरू झालं होतं, पॅड, तापमान, झीज, सगळं! आटोपलं सगळं, असं म्हणून त्यांनी कपाळावर हात मारला.

"साधी पॅडं होती न घरी?" शुभांगीनं मधेच विचारलं. "मंग ही ट्रॅकवर पोचून काऊन नाही बसवली? तिथंच तापवली असती."

गाडीखाली पाना खणकन खाली पडला.

"...तसं करता आलं असतं."

"मंग?"

"सुचलं नाही. चुकलंच माझं."

ब्रेकच्या विषयात पोरगा चूक कबूल करतो? विठ्ठलरावांचा कानांवर विश्वास बसेना. शुभांगी हसत आत माणिकरावांकडे आली. "मले पसंत हाय, बाबा. चूक मान्य करनारा मानूस कुठं भेटते?"

"मंग तारीख काढू?" माणिकराव खुलले.

विठ्ठलराव आनंदानं अंगणात धावले. "राघव्या, ऐकलं का? पोरगी हो म्हणते!"

"ऐकलं, बाबा!" गाडीखालून आवाज आला. "फक्त तारीख रविवारची नका धरू. रविवारी ट्रॅक असतो."

विठ्ठलरावांनी वाकून त्याचे दोन्ही पाय धरले आणि जीव खाऊन ओढायला सुरुवात केली.

"सोडा, इवाई, सोडा!" नवे व्याही माणिकराव मागून धावत आले. "जावयाचे पाय सासऱ्यानं धुवाचे असतात, बापानं वढाचे नसतात!"