पैलतीरी गेलेल्या विरजणाची बखर

श्रीसागर प्रसन्न. आधी दर्यादेवास दंडवत, मग तीरीच्या कुलस्वामीस दंडवत, आणि तिसरा दंडवत गाळून भरलेल्या निर्मळ तेलास, की ज्याविना दोन्ही देव प्रसन्न असोनही होडी जागची हालत नाही. शके एकोणीसशे पंचेचाळीस, शोभननाम संवत्सरे, श्रावण शुद्ध पौर्णिमेचे दिवशी खाडीचे ऐलतीरी राज्यावर जो प्रसंग गुदरला आणि पुढिले साली त्याचे जे उट्टे निघाले, ते येणेप्रमाणे.

ऐलतीरचे राज्य म्हणजे काय वर्णावे! आरमार नामांकित. तोफ नाही, बारूद नाही. पाहुण्यांस दर्याची सैर करवावी, डॉल्फिन दाखवावे, रबरी केळ्यावर बसवून ओढावे आणि मध्येच पाण्यात पालथे घालून हसत बाहेर काढावे, हीच मोहीम आणि हीच मर्दुमकी. या आरमाराचे सरखेल लवूराव. गादी वडिलांनी जितेपणीच दिली होती, परंतु वडील भिवाजीबाबा त्यांस ‘लवू’ म्हणूनच हाक मारीत; कुल राज्य सरखेल म्हणे, पण बाबांचे तोंडून तो शब्द कधी निघाला नाही, आणि लवूरावांचे कान त्याच एका शब्दासाठी आसुसले होते. नारळी पौर्णिमेस दोन्ही तीरांची एकेक होडी नारळ घेऊन सुटावी, जी खाडीच्या मुखाशी आधी पोचेल तिने दर्यास नारळ द्यावा, आणि वर्षाचा मान तिचा, ऐसा शिरस्ता होता. भिवाजीबाबांच्या अमदानीपासून तो मान ऐलतीराने दुसऱ्यास शिवू दिला नव्हता.

आता त्या राज्यीची एक वहिवाट सांगितलीच पाहिजे. ज्येष्ठात आभाळ भरून आले की आरमार काठावर ओढून झापांखाली निजवीत, आणि टाक्यांतील पेट्रोल उपसून घेत, परंतु तळाशी चार बोटे राखीत. त्यास विरजण म्हणत. बाबांचे म्हणणे ऐसे की, भांडे कोरडे ठेवणे अशुभ, आणि जुने थोडे राहिले तर जुनी बरकत नव्यात उतरते, जैसे दह्याचे. हे विरजण खुद्द सरखेलांनी राखावे. त्यांच्या परवानगीवाचून दुसऱ्याने टाकीच्या झाकणास बोट लावू नये. आणि पौर्णिमेस जो हरेल त्याने आपल्या टाकीतले डबाभर विरजण जिंकणाऱ्यास द्यावे, म्हणजे बरकतच दिली. ऐलतीराने आजवर डबा घेतला होता, दिला नव्हता.

ऐसे असता त्या श्रावणात लवूरावांची खाशी होडी मासोळी नारळ घेऊन झोकात निघाली, आणि काठावर ताशे वाजो लागले, आणि अर्धी खाडी ओलांडली न ओलांडली तोच मासोळी खोकली, मग शिंकली, मग गपगार पडली. लवूरावांनी इंजिनाची दोरी ओढ ओढ ओढिली, तळहाताची साल निघाली, परंतु इंजिन हूं की चूं करीना. पैलतीरचे नाईक जगोजी मुखाशी जाऊन नारळ देऊन माघारी आले आणि हसत दोर टाकून बोलिले, “धरा सरखेल! ओढून नेतो. लाजू नका, शेजारीच आहोत.” मग ऐलतीरचे सरखेल आपल्याच काठावर दुसऱ्याच्या दोराने आले. काय ती फजिती! काठावरल्या बायांनी आरतीची तबके पदराआड घेतली. भिवाजीबाबांनी मासोळीच्या टाकीतून डबाभर विरजण स्वहस्ते काढून नाइकांस दिले आणि लेकाकडे न पाहता म्हणाले, “माझ्या डोळ्यांदेखत डबा खाडी ओलांडून गेला.” हे ऐकोन लवूरावांस अन्न गोड लागेना.

परंतु ऐलतीरचे रक्त ते! रडत बसते काय? दुसरे दिवशी लवूरावांनी टाकीत उरलेसुरले पेट्रोल उपसले आणि सैपाकघरातून काचेची बरणी उचलली. तो त्यांच्या अर्धांगी सत्यभामाबाई ओरडल्या, “अहो, ती लोणच्याची बरणी आहे!”

“असू दे गो. काल साऱ्या गावात माझी शोभा झाली, तुझ्या बरणीचं काय घेऊन बसलीस?”

मग बरणीत ओतून, चुलीपासून लांब अंगणात ठेवून दोघे पाहात बसले, आणि घटकेत वर पिवळसर व खाली गढूळ असे दोन थर निवळून वेगळे झाले. सत्यभामाबाई नाक धरून म्हणाल्या, “हे तुमचं विरजण? अहो, हे तर नासलेलं दूध!” मग लवूराव तडक पेट्रोलपंपावर गेले आणि पंपवाल्याची गचांडी धरू पाहो लागले, की पाणी मिसळून देतोस काय? त्याने निवांतपणे भिंतीवरील पाटी दाखविली. तेलात अलीकडे उसाचा अर्क मिसळोन येतो, हे मोठ्या अक्षरांत लिहिले होते, आणि ऐलतीरचे कुल आरमार त्याच पाटीखाली उभे राहून इतके दिवस फक्त काटा शून्यावर आहे की नाही तेवढेच पाहात आले होते. हा अर्क मोठा पाणपिसा. टाकी रिकामी राहिली की आत पावसाळी हवा शिरते, पत्र्यास घाम फुटतो, ते पाणी अर्क पीत राहतो, आणि पोट तट्ट भरले की पाण्यासुद्धा तळाशी जाऊन बसतो. आणि इंजिन तर तळाचेच ओढते! वरून कितीही ताजे भरा, पहिला घोट त्या नासक्याचा. येणेप्रमाणे उलगडा जाहला.

पुढे शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरे, ज्येष्ठात आरमार काठावर आले. लवूराव वडिलांसमोर उभे राहिले आणि म्हणाले, “आबा, यंदा टाकी धुऊन पुसून गळ्यापर्यंत भरतो. ताजं तेल, आणि ते टिकायचं औषध घालून.”

“आणि विरजण?”

“विरजण नाही.”

“म्हणजे जन्मभर मी टाकीत घाण राखली म्हणतोस?”

“तसं नव्हे आबा. तुमच्या वेळी तेल निर्मळ होतं. तुम्ही चुकला नाहीत, तेल बदललं.”

बाबा उठले, आणि खांद्यावरला पंचा झटकून आत गेले, आणि त्या दिवसापासून लेकाशी बोलणे टाकिले. जेवावयासही पाठ करून बसत. लवूरावांचे काळीज तुटले, परंतु हात मागे घेतला नाही. तेल उन्हात फुगते म्हणोन झाकणाखाली बोटभर जागा सोडून टाकी भरली, औषध आतल्या नळ्यांत पोचावे म्हणोन इंजिन थोडे चालविले, आणि झाकण घट्ट फिरविले.

मग त्यांचे ध्यानी आले की, आपला नासका डबा पैलतीरी आहे आणि नाईक तो आपल्या टाकीत राखणार. सत्यभामाबाई म्हणाल्या, “गप्प बसा की! न पळता जिंकाल.” लवूराव कडाडले, “तसलं जिंकणं मी थुंकून टाकतो! त्यांनी हसून का होईना, पण मला काठाला आणलं होतं.” आणि तरीत बसून भर पावसात खाशी स्वारी पैलतीरी गेली. जगोजी नाइकांनी सारे ऐकून घेतले आणि मांडीवर थाप मारून हसले, “वा सरखेल! बरकत परत न्यायला ही शक्कल होय? मान हवा तर पाण्यात घ्या.” आणि त्यांच्या डोळ्यांसमोर डबा उपडा करोन टाकीच्या तळाशी विरजण राखिले. आता याहून अधिक कोणी काय करावे!

श्रावण पौर्णिमा आली. लवूरावांनी टाकीच्या तळचे पेट्रोल बरणीत काढून उजेडात धरिले. वर खाली एकच रंग. दोरीस हात लावला मात्र, मासोळी गरजली! काठावर एकच जल्लोष. नाइकांची होडी नवी, ती पुढे निघाली आणि मध्य खाडीत खोकली, मग शिंकली, मग गपगार पडली. तेथे ओहोटीची ओढ जबर, आणि होडी खडकाकडे वाहो लागली. लवूरावांपुढे मुख मोकळे होते आणि वर्षाचा मान हातभर अंतरावर. त्यांनी मासोळी वळविली आणि दोर फेकिला. नाइकांचे हसू मावळले होते, तरी मर्द ओरडला, “आधी नारळ द्या, सरखेल!”

“नारळ थांबेल नाईक, ओहोटी थांबायची नाही. धरा घट्ट!”

आणि त्यांस बांधून घेऊन मासोळी तशीच मुखापर्यंत गेली, आणि दोन होड्यांचे ओझे ओढीत तिने एकदाही खोकला काढला नाही, आणि लवूरावांनी दर्यास नारळ दिला. असली होडी आणि असला सरखेल कोणत्या तीरास आहे, दाखवा!

काठावर आल्यावर शिरस्त्याप्रमाणे नाइकांनी आपल्या टाकीतले विरजण डब्यात काढिले आणि खाली मान घालून पुढे केले. लवूराव हात पुढे करिती तो गर्दीतून भिवाजीबाबा आले आणि डबा त्यांनीच घेतला. “सत्यभामे, बरणी आण,” म्हणाले. बरणीत ओतले, आणि ताशे थांबले, आणि वर पिवळसर व खाली गढूळ असे दोन थर बाबांच्या डोळ्यांपुढे वेगळे झाले.

“हे माझं,” बाबा म्हणाले. “नाईक, रागावू नका. यानं गंजलेले खिळे धुवू.”

मग गुडघाभर पाण्यात उतरून मासोळीपाशी गेले, टाकीच्या झाकणावर हात नेला आणि तसाच अधांतरी धरून लेकाकडे वळले. ज्येष्ठापासून पहिलाच शब्द बोलिले.

“हात लावू का, सरखेल?”

लवूरावांनी मान डोलाविली.

येणेप्रमाणे ऐलतीराचा मान ऐलतीरी परत आला, विरजण मोडिले, आणि पुढिले ज्येष्ठी पैलतीरानेही टाक्या धुऊन भरल्या. ती बरणी सरखेलांच्या ओसरीत आहे. सत्यभामाबाईंनी लोणच्यास दुसरी घेतली. लिहिणारा ऐलतीरचाच, म्हणोन थोडे चढवून लिहिले असेल, परंतु मासोळी खोकली नाही हे जैसे घडले तैसेच लिहिले आहे.