ताटावरच्या दोन तारखा

माझं म्हणणं एवढंच होतं, की हॉस्टेलला न्यायच्या भांड्यांवर नाव असावं. यात माझं काय चुकलं, ते तुम्हीच सांगा. (माया, म्हणजे आमची सौ., म्हणते, "हे लोकांना सांगत बसू नका, हसतात." हसू देत. आमच्या घरात सध्या हसायला कोणी नाही.)

झालं असं, की आमची एकुलती एक अमृता बारावी झाली आणि तिला नाशिकच्या इंजिनिअरिंग कॉलेजात प्रवेश मिळाला. कल्याण, डोंबिवली, ठाणे, एवढा सगळा मुलूख कॉलेजांनी भरलेला असताना पोरीने पसंतीक्रमात पहिलं नाव टाकलं नाशिकचं. का गं, विचारलं तर म्हणाली, "बाबा, मला हॉस्टेलला राहून बघायचंय." सोमवारी सकाळी मोबाइलवर निकाल आला, रविवारी जायचं ठरलं आणि घरात बॅगा उघडल्या गेल्या.

मला ती जायला नको होती. आज हे स्पष्ट सांगतो, कारण तेव्हा कोणालाच सांगितलं नव्हतं. बापाने असं म्हणायचं नसतं, पेढे वाटायचे असतात. मी वाटले. सोसायटीत वाटले, ऑफिसात वाटले, एका अनोळखी रिक्षावाल्यालाही दिला. पण दर पेढ्यागणिक माझा चेहरा असा उतरत गेला, की ऑफिसातल्या कमलेशने पेढा तोंडात टाकता टाकता विचारलं, "काय साहेब, नापास झाली काय?"

मग ठरवलं, तयारीत स्वतःला बुडवून घ्यायचं. गादी आणली, ती हॉस्टेलच्या कॉटपेक्षा रुंद निघाली. बादली आणली, ती भरल्यावर अमृताला उचलेना. कुलूप आणलं, त्याच्या किल्ल्या दुकानातच राहिल्या. शेवटी अमृताने हात जोडले. "बाबा, प्लीज यार, तुम्ही आता नुसते बसा."

मी बसलो. पहिलीपासून त्या पोरीच्या वह्यांना कव्हरं मी घातली, बुटांना पॉलिश मी केलं, आणि आता मला नुसतं बसायचं होतं. माणूस निवृत्त होतो तेव्हा निदान शाल-श्रीफळ तरी देतात.

बसल्या बसल्या नजर गेली ती कोपऱ्यातल्या नव्या स्टीलच्या भांड्यांवर. ताट, वाट्या, तांब्या, डबा, सगळं चकाचक आणि कोरं. एकावरही नाव नाही! आमचे वडील धोंडिबा सांगायचे, "बिननावाचं भांडं आणि बिनदाव्याचं जनावर, जो धरील त्याचं." आमच्या घरात चमच्यापासून हंड्यापर्यंत सगळ्यावर त्यांचं नाव आहे. जयंतीच्या जेवणाला भांडी गेली, की दुसऱ्या दिवशी माहेरवाशिणीसारखी बिनचूक घरी येतात.

"मी नाव घालून आणतो," मी उठलो.

"नुसतं नाव," माया म्हणाली. "अमृता. एवढंच."

"एवढंच," मी म्हणालो. (इथे माझ्या नोकरीबद्दल सांगायला हवं. मी ठाण्यात एका सरकारी कचेरीत आवक-जावक बघतो. टपाल आलं की तारीख, गेलं की तारीख. ज्या कागदावर या दोन तारखा नाहीत, तो कागद माझ्या लेखी जन्मालाच आलेला नाही. घरच्या गॅस सिलिंडरवरही मी खडूने दोन्ही तारखा घालतो.)

कल्याणच्या बाजारात भांड्यांच्या गल्लीच्या तोंडाशी दौलत म्हणून एक म्हातारा बसतो. नाव घालायचं छोटं मशीन, दोरीने कानाला बांधलेला चष्मा आणि कायमची आठी. मी पिशवी पुढे केली.

"काय नाव?"

"अमृता रवींद्र ओव्हाळ. पूर्ण टाका."

"कोण तुमची?"

"मुलगी. एकुलती एक."

"वय?"

"अठरा."

त्याने मशीन बंद केलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "एवढ्या लवकर?"

"मी तेच म्हणत होतो हो," मी म्हणालो. "अजून काय बघितलंय तिने? पण आपल्या हातात असतं का काही?"

"काही नसतं आपल्या हातात. कधी झालं?"

"सोमवारी. सकाळी मोबाइलवर कळलं."

"अरेरे. आणि घरचे?"

"तिची आई दाखवत नाही, कामात असते. आजी रडतेय."

"आणि तुम्ही?"

आठवडाभरात हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. आणि विचारला तो कोणी, तर गिऱ्हाइकाकडे मान वर करून न बघणाऱ्या या माणसाने. भर बाजारात माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. दौलत उठून आला, मला स्वतःच्या स्टुलावर बसवलं आणि समोरून कटिंग मागवला.

"रविवारी असेल ना पुढचं?" त्याने हळूच विचारलं.

"हो, रविवारी नाशिकला न्यायचंय. गाडी सांगितलीय."

"नाशिकच चांगलं."

"चांगलं आहे म्हणतात सगळे. तिची स्वतःचीच तशी इच्छा होती."

यावर त्याने चष्मा काढून पुसला. मला वाटलं, याचीही मुलगी कुठेतरी हॉस्टेलला असणार.

"तारखा टाकतो," तो म्हणाला.

मला गहिवरून आलं. मी न सांगता तारखांचं नाव काढणारा माणूस मला आयुष्यात पहिल्यांदा भेटत होता. "दोन्ही टाका," मी म्हणालो. "जन्माची आणि ही सोमवारची."

"दोन्हीच टाकतात. खाली कोणाची नावं?"

"माझं, तिच्या आईचं आणि आजीचं. रवींद्र, माया, कांताबाई."

"वर छोटं कमळ काढतो. माझ्याकडून."

सगळं झाल्यावर त्याने भांडी वर्तमानपत्रात गुंडाळली, सुतळी बांधली आणि पैसे काही केल्या घेतले नाहीत. "धीर धरा, साहेब. काळ हेच औषध." मी त्याचे दोन्ही हात धरले. खरं सांगतो, त्या आठवड्यात माझं दुःख समजलेला तो एकच माणूस.

शनिवारी संध्याकाळी शेजारच्या बायजाबाई अमृताला भेटायला आल्या. (मूळच्या इथल्याच. आमची इमारत उभी आहे ती यांच्या भातशेतावर, त्यामुळे त्या आमच्या घरात बेल वाजवून येत नाहीत.) सोबत तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकटीची चटणी. माझ्या आईने फर्मान काढलं, की पोरीने पहिला घास नव्या ताटात खायचा. मायाने सुतळी सोडली, ताट काढलं, पदराने पुसलं आणि पुसता पुसता थांबली.

वर कमळ. खाली ठसठशीत अक्षरांत 'अमृता रवींद्र ओव्हाळ'. त्याखाली जन्मतारीख, मग आडवी रेघ, मग सोमवारची तारीख. आणि सगळ्यात खाली, अगदी सुबक वळणाने, 'शोकाकुल: रवींद्र, माया, कांताबाई.'

"अहो," माया म्हणाली. आवाज इतका शांत, की मी एक पाऊल मागे सरलो. "हे काय आहे?"

"आवक आणि जावक," मी म्हणालो. पण वाचता वाचता दौलतचा चहा, दौलतचा चष्मा आणि 'नाशिकच चांगलं' हे सगळं एकदम माझ्या डोक्यात शिरलं. तो मुलीला गोदावरीवर पाठवत होता, आणि मी त्याला गाडीची वेळ सांगत होतो!

वाट्यांवर तेच. तांब्यावर तेच. डब्याच्या झाकणावर जागा मोठी म्हणून कमळही मोठं.

आईला वाचून दाखवल्यावर तिने जो हंबरडा फोडला, तो खालच्या मजल्यावर गेला. "आरं, जित्या पोरीचं ताट घातलंस रं माज्या समोर!" आमच्या घरात शकुन-अपशकुन मानत नाहीत, अशी आठवण मी तिला करून दिली. तिने मला लाटणं दाखवलं. बायजाबाईंनी ताट बघितलं, अमृताला बघितलं, पुन्हा ताट बघितलं. "गो बाय, पोर तं समोरच उभी हाय!"

"मी गेले का बाबा?" अमृताने विचारलं. "मला कोणी सांगितलंच नाही."

"तू गप्प बस," माया ओरडली आणि मटकन खाली बसली. आठवडाभर दाबून ठेवलेलं सगळं तिच्या डोळ्यांतून वाहायला लागलं. ते बघून आईला जोर चढला, आईला बघून बायजाबाईंना. खालच्या मजल्यावरची माणसं 'काय झालं, काय झालं' करत वर आली, आणि दारातून त्यांना दिसल्या त्या तीन रडणाऱ्या बाया आणि अमृताच्या नावाचं ताट. पहिल्या माणसाने चप्पल बाहेर काढली आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.

सगळ्यांना समजावून, अमृता दाखवून घालवून दिल्यावर ती माझ्याशेजारी येऊन बसली. "बाबा, खरं सांगा. मी तुम्हाला टपाल वाटते?"

"टपाल नाही गं," मी म्हणालो. "टपाल गेलं की मला काही वाटत नाही."

भाकऱ्या गार झाल्या.

रविवारी नाशिकला आजोबांच्या नावाचं जुनं ताट बांधून दिलं. नवी भांडी मायाने माळ्यावर फेकली. हॉस्टेलच्या दारात सगळे बाप आपापल्या मुलींना काही ना काही सांगत होते. मी वाटेत पाठ केलं होतं, 'तुझी आठवण येईल.' तोंडातून निघालं, "नाव आहे ना सगळ्यावर?" ती हो म्हणाली आणि आत गेली. तिने एकदा वळून बघितलं असं माया म्हणते. मी तेव्हा बादली बघत होतो.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. घरात आवाज नाही. तिच्या टॉवेलची खुंटी रिकामी. ऑफिसातून येताना मी सवयीने तिच्यासाठी सामोसा आणायचो, आणि मग तो कोणी खायचा यावरून आम्ही तिघं एकमेकांकडे बघत बसायचो. शेवटी तो गार सामोसा मीच खायचो आणि रात्रभर जळजळ व्हायची. (ती आठवणीची की तेलाची, ते डॉक्टरांनाही सांगता आलं नाही.)

एक दिवस काहीतरी काढायला माया माळ्यावर चढली. वाट्या होत्या, तांब्या होता, डबाही होता, पण ताट नव्हतं. तिला वाटलं मी लपवलं, मला वाटलं तिने भंगारात दिलं. भांडण चांगलं रंगात आलेलं असताना अमृताचा फोन आला.

"ताट माझ्याकडे आहे," ती म्हणाली. "मीच बॅगेत टाकलेलं. अरे बाबा, इथे सगळ्यांची ताटं गायब होतात, माझ्या ताटाला कोणी हात लावत नाही. रूममेटने, जागृतीने, पहिल्याच दिवशी ते वाचलं आणि मला चिमटा काढून बघितला."

"पण नेलंस कशाला ते अभद्र?" मायाने फोन ओढून विचारलं.

मागे मेसचा गलका चालला होता. ती म्हणाली, "जेवताना तुमची नावं दिसतात ना. आणि 'शोकाकुल' काय खोटं आहे का, आई?"

माया मोरीत गेली आणि बराच वेळ नळ सोडून उभी राहिली.

दिवाळीत पोर घरी आली, आणि माझ्या मनाने घेतलं, की तिसरी तारीखही घालायची. परत आल्याची. हिशेबाने तीच खरी आवक. अमृताला आणि ताटाला घेऊन मी कल्याणच्या बाजारात गेलो.

"दौलतकाका," मी ताट पुढे केलं, "हिच्या ताटावर अजून एक तारीख टाका. परत आली."

त्याने ताट वाचलं. मग अमृताकडे बघितलं. मग माझ्याकडे. मशीन त्याच्या हातातून घरंगळत गटाराच्या कडेला गेलं. सगळी हकिगत अमृतानेच त्याला सांगितली. ऐकून त्याने तिच्या डोक्यावरून हात फिरवला, डोळे पुसले, आणि मग सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात माझी जी पूजा बांधली, ती इथे लिहिण्यासारखी नाही. मागच्या वेळी मी तिथे रडलो होतो हेही त्याने शेजारच्या दोन दुकानदारांना सांगितलं.

"आता तारीख टाकता ना?" मी चिकाटीने विचारलं.

"साहेब, पोरगी शिकणार किती?"

"चार वर्षं."

"दर सुट्टीला येणार, जाणार?"

"हो."

"मग ताट कशाला आणलंत? पाण्याची टाकी घेऊन या."

मला ते पटलं. घरी जाऊन मी मायाला विचारलं, आपलं स्टीलचं पिंप कुठे आहे. तेव्हापासून पिंप माळ्यावर आहे आणि शिडी बायजाबाईंच्या घरी, कुलपात. कुलूप मीच आणलेलं, त्यामुळे त्याला किल्ली नाही.