किनवटपेक्षा स्वस्त

मी माझ्या घराची चौकट उलटी बसवली. उलटी म्हणजे तिरपी नव्हे. अगदी सरळ, ओळंब्यात, फक्त डोक्यावर उभी. उंबरा वर आणि गणेशपट्टी खाली. मुहूर्त काढून, नारळ फोडून, गल्लीत गूळखोबरं वाटून बसवली. मी सोनपेठच्या पोस्टात सब-पोस्टमास्तर होतो. ‘ही बाजू वर’ असं लिहिलेली पार्सलं उचलण्यात ज्याचा जन्म गेला, त्यानंच हे करावं, याचं माझ्या बायकोला, सुमनला, अजून नवल वाटतं. मला वाटत नाही. मी स्वतःला जास्त वर्षं ओळखतो.

पण या चौकटीच्या आधी नारायण मिस्त्री सांगायला हवेत.

नारायण मिस्त्री लाकडाला प्रश्न विचारायचे. बाजारगल्लीच्या टोकाला कडुलिंबाखाली त्यांचं पत्र्याचं छप्पर होतं. कुणी लाकूड आणलं की ते दोन दगडांवर आडवं ठेवायचे, मधल्या बोटाच्या पेरानं तीनदा ठोकायचे, त्यावर कान टेकायचे आणि हळू आवाजात म्हणायचे, “कुठून आलास, बाबा?”

इथपर्यंत ठीक होतं. पुढं ते उत्तराची वाट बघायचे. डोळे मिटून, श्वास धरून. तेवढ्या वेळात लाकूड घेऊन आलेला माणूस उगीच इकडंतिकडं बघू लागे. भर दुपारी, माणसांच्या गर्दीत, अंगावर काटा आणणारी ती शांतता असे. मग ते उठायचे आणि सांगायचे, “किनवट.” किंवा, “आदिलाबादकडचं.” एकदा म्हणाले, “आल्लापल्ली. लय लांबून आणलाव.” ते बरोबर असायचं. कसं, ते कुणी विचारत नसे. उत्तर मिळेल अशी भीती वाटे.

गाव कळलं की भाव. सागाचा भाव त्यांना गावागणिक पाठ. सोनपेठला सगळ्यात जास्त, परभणीला थोडा कमी, नांदेडला आणखी उतरलेला, किनवटला जवळजवळ निम्मा. पलीकडं आदिलाबादला त्याहूनही खाली. पण तिथून आणायचं तर पास काढा, नाक्यावर शिक्के दाखवा, ट्रकभाडं भरा, की घरी येईतो परत सोनपेठचाच भाव. “जंगलापसून जेवढं लांब, तेवढं महाग,” मिस्त्री सांगायचे. “त्यात हिकमत न्हाई. हिकमत स्वस्ताईत हाय.”

हे भाव ते मिळवायचे कुठून? एस. टी. थांबली की कंडक्टरला आधी सागाचा भाव विचारायचे, मग तिकिटाचा. आणि मला तर त्यांनी पार कामाला लावलं होतं. महिन्याला पाच-सहा जोडकार्डं घ्यायचे, उत्तराचं कार्ड सोबत जोडलेली. ‘वखारवाले, किनवट’, ‘जुन्या लाकडाचे व्यापारी, जिंतूर’ असले पत्ते मी लिहायचो. खाली एकच ओळ, “आपल्याकडे सागाचा सगळ्यात कमी भाव काय व तो माल कुठला, कळवावे.” उत्तरं आली की छपराखालच्या तारेला टोचून ठेवायचे. त्यांना येणारं टपाल तेवढंच. माणूस एकटा होता. दिवाळीचं कार्डसुद्धा कधी आलं नाही.

किनवटच्या खालचा भाव कानावर आला, की त्यांचा चेहरा बदलायचा. “एवढ्या पैशात आलं कसं?” हे ते दोन-तीनदा, स्वतःशीच म्हटल्यासारखं म्हणायचे. मग सांगायचे, “किनवटपेक्षा स्वस्त लाकूड दोनच, मास्तर. एक चोरीचं, एक बुडालेलं.”

बुडालेलं म्हणजे काय, हे मी कधीच विचारलं नाही. मला वाटलं, दिवाळखोर वखारवाल्याचं.

आता माझ्या शहाणपणाकडं वळू. मी किनवटच्या पोस्टात तीन वर्षं काढली होती. तेवढ्यावर मी स्वतःला सागाचा जाणकार समजत होतो. सोनपेठला दोन खोल्या बांधायला काढल्या, तेव्हा तालुक्यात कुणीही सागाचं नाव काढलं की मी “आमच्या किनवटला” अशी सुरुवात करायचो. एकदा खात्याच्या कामानं जिंतूरकडं गेलो. रस्त्याकडेला एकाच्या अंगणात चार लाकडं उभी होती, ताजा रंधा मारलेली. भाव विचारला. किनवटपेक्षा कमी.

“कुठलं?” मी विचारलं.

“तुमी कुठलं समजता?” तो म्हणाला.

मी मिस्त्रींसारखं पेरानं ठोकलं. पेराचं साल निघालं. “किनवटचं,” मी म्हणालो.

“तुमाला सगळं कळतंय,” तो म्हणाला, आणि पैसे घेतले.

शिवाय खाचासुद्धा पाडलेल्या. चार लाकडं एकमेकांत घातली की चौकट तयार. उभ्या दोन्ही लाकडांना एका टोकाजवळ गोल बुचं मारलेली होती. मी म्हटलं, गाठी. एका आडव्या लाकडाच्या मधोमध खरवडल्यासारखा फिकट चट्टा होता. मी म्हटलं, डाग. दुसरं मध्ये जरा दबलेलं होतं. मी म्हटलं, कमान. एस. टी.च्या टपावर टाकून आणली, आणि वाटभर त्या स्वस्ताईवर एवढा खूश होतो की शेजारच्या पाशिंजराला दोनदा भाव सांगितला.

मिस्त्रींनी लाकूड दगडांवर ठेवलं. ठोकलं. कान टेकला. “कुठून आलास, बाबा?”

मग जे थांबले ते थांबलेच. लिंबावरचे कावळे गप्प झाले असं मी म्हणणार नाही, ते ओरडतच होते. पण मिस्त्रींचा हात काहीतरी शोधत लाकडावरून पुढं सरकत होता. बऱ्याच वेळानं कान उचलला. गालावर लाकडाचा भुस्सा चिकटला होता, तो त्यांनी पुसला नाही.

“कुठलं हाय मास्तर हे?”

“किनवटचं.”

“किनवटच्या लाकडाला पाण्याचा वास येत न्हाई.”

“पावसात भिजलं असेल.”

“हा पावसाचा न्हाई,” ते म्हणाले. “साचलेल्या पाण्याचा हाय.” त्यांनी रंध्यानं एक पातळ ढलपी काढली, पटक्याच्या टोकात बांधली. “मी येईपस्तोर हात लावू नका.”

“कुठं निघालात?”

“इचारून येतो.”

“कुणाला?”

पुढची एस. टी. धरून गेले.

ते नामांतराच्या मोर्च्यांचे दिवस होते. आज जिंतूरचा रस्ता बंद, उद्या परभणीचा. गाड्या सुटल्या तर सुटल्या. आठवडा गेला, मिस्त्री आले नाहीत. इकडं मुहूर्त आला. पुढचा दोन महिन्यांनी होता, आणि सासरे येऊन बसले होते. मी गवंडी रशीदला बोलावलं.

रशीदनं लाकडं फिरवून फिरवून बघितली. “मास्तर, बुडखा कोन्ता? चौकट झाडावानी उभी करतेत. बुडखा खाली, शेंडा वर.”

मी बोट दाखवलं. सरकारी नोकरीत बोट दाखवायची सवय होते.

“पक्कं?”

“आमच्या किनवटला असंच करतात.”

चौकट उभी राहिली. हळदीकुंकू लागलं. सासऱ्यांनी दबलेल्या वरच्या लाकडाकडं बघून “कमान छान आहे” म्हटलं. फळ्या बसल्या, गिलावा झाला, आम्ही राहायला गेलो.

पहिल्यांदा सुमनच्या लक्षात आलं. “अहो, आपल्याकडं येणारं प्रत्येकजण वाकून का येतं?”

खरंच येत होतं. दार सहा फुटांचं. दूधवाला पाच फुटांचा, तोही वाकायचा. मी स्वतः वाकतोय हे मला तिनंच दाखवलं. ठरवून ताठ जायचा प्रयत्न केला, तर मानेवर कुणी पाऊल ठेवील असं वाटून आपोआप मान खाली गेली.

मग आवाज सुरू झाले. रोज भर दुपारी, ऊन तापल्यावर, दाराच्या वरच्या लाकडातून. अनवाणी पाय आल्यासारखे. एक, दोन, मग थांबलेले. कधी त्यात बारीक टक्क असा आवाज असायचा.

“जोडवी आहेत,” सुमन म्हणाली.

“लाकूड वाळतंय,” मी म्हणालो.

“बाईमाणूस दारात येतं, थांबतं, आणि परत जातं. लाकूड असं वाळतं का?”

मी दुपारभर पोस्टातच थांबू लागलो. सुट्टीच्या दिवशीसुद्धा. सुमन मागच्या दारानं ये-जा करू लागली. एका दुपारी तर पुढचं दार कडी घालून आम्ही दोघं आत बसलो होतो, आणि समोर बघता बघता कडी उतरली. वाऱ्यानं, असं मी म्हटलं. वारा नव्हता. तिनं सांगून टाकलं, हे निस्तरा, नाहीतर मी माहेरी निघाले.

आम्ही राहायला आल्याच्या बाराव्या दिवशी मिस्त्री आले. रस्त्यापलीकडं उभे राहिले आणि तिथंच वाहणा काढल्या. पुढं येईनात. मी बाहेर गेलो.

“बसवली,” ते म्हणाले.

“मुहूर्त होता.”

“खालच्या लाकडावर पाय ठेवताव?”

“उंबरा आहे, पाय पडणारच.”

“तो उंबरा न्हाई मास्तर. ती गणेशपट्टी हाय. मधी चट्टा हाय बघा, तिथं गणपती होता. माझ्या बापानं कोरलेला.” ते दाराच्या वर बघत होते. “उंबरा तो. पायानं झिजलेला हाय. तुमी डोक्यावर घेतलाव.”

माझी कमान.

मग त्यांनी सांगितलं, तुटक तुटक, आणि बघत होते ते चौकटीकडं. जिंतूरकडचं त्यांचं गाव धरणात गेलं. गावाला उठवलं, तेव्हा एका गाडीत संसार मावेना. दार मागनं नेऊ, असं त्यांनी ठरवलं. पाणी आधी आलं. कडक उन्हाळ्यात धरण आटलं की गावाच्या भिंती वर येतात. लोक चिखलातून तुळया, चौकटी ओढून नेतात आणि मिळेल त्या भावात विकतात. म्हणून किनवटपेक्षा स्वस्त.

“ढलपी घेऊन तिथंच गेल्तो. भिंत हाय. दार न्हाई.”

“मग इतकी वर्षं ती जोडकार्डं...”

“कमी भाव कुठं लागलाय ते कळाया पायजे ना,” ते म्हणाले. “माझी मालकीन हे माप लवंडून आत आली. वर्षाच्या आत ह्याच्यावरूनच बाहीर नेली. तिला दुसरं दार ठावंच न्हाई.”

मी हे सगळं ऐकलं. तरी माझ्यातला घरमालक शिल्लक होताच. मी म्हणालो, “पण मिस्त्री, गिलावा झालाय...”

सुमन आतून आली. पुढच्या दारानं, कितीतरी दिवसांनी. “मामा,” ती म्हणाली, “काढा तुम्ही. गिलाव्याचं हे बघतील.”

“मजुरी नगं,” मिस्त्री म्हणाले. “न्यायची बी न्हाई. मला कुठं घर हाय बसवायला. निस्ती सरळ करू द्या.”

रशीदला मदतीला घेतलं. गिलावा फुटला, चौकट निघाली, फिरली. उंबरा खाली गेला. बुचं मारलेली टोकं वर आली, तेव्हा मिस्त्रींनी न बघता हात वर केला आणि बोट बरोबर एका बुचावर टेकलं. जुन्या कडीचं भोक होतं ते. मग त्यांनी चौकटीला कान लावला. मी वाट बघत होतो. या वेळी त्यांनी काही विचारलं नाही.

उजवं पाऊल टाकून आत गेले. बाहेर आले. पुन्हा आत गेले. त्यांना वाकावं लागलं नाही. सुमननं पाणी दिलं, ते भिंतीकडं तोंड करून प्याले.

आवाज थांबला का? नाही. दुपारी अजून येतो, फक्त आता उंबऱ्यातून येतो, जिथून यायला हवा तिथून. आणि परत जात नाही, आत येतो. सुमन त्या वेळी दार उघडं ठेवते. मला सुरुवातीला भीती वाटायची, आता तेवढ्यापुरता पेपर खाली ठेवतो.

मिस्त्री जोडकार्डं घ्यायला येईनासे झाले. लाकडाला प्रश्न विचारणंही सुटलं. कुणी लाकूड आणलं की ओळंबा-गुण्या घेऊन मुकाट्यानं कामाला लागायचे. लोकांना त्याचीच जास्त भीती वाटू लागली. पण दुपारी, पत्र्याखाली बसवेना एवढं ऊन झालं, की आमच्याकडं यायचे. दाराला पाठ टेकून, उंबऱ्याच्या अलीकडं बसायचे. अर्ध्या तासानं पटका झटकून जायचे.

एकदा असेच बसले होते. मला फार भरून आलं. म्हटलं, आपण या माणसासाठी काहीतरी मोठ्या मनाचं बोललं पाहिजे. घसा साफ करून म्हणालो, “मिस्त्री, हे घर आपलंच समजा.”

त्यांनी माझ्याकडं वळून, लाकूड बघावं तसं, खालपासून वरपर्यंत बघितलं.

“त्यात समजायचं काय,” ते म्हणाले. “ह्या दारात पाव्हणं तुमी. आन् ते बी उलटं आलेलं.”