तुप्पा खा, मग बघा

आमच्या शेजारचे चनबसप्पा अण्णा भेटले की नमस्कार करत नाहीत. दंड दाबून बघतात. माझा दाबला आणि म्हणाले, "ह्ये तर मळलेलं पीठ हाय की. तुप्पा खा, मग बघा."

तुप्पा म्हणजे तूप. अण्णा मूळचे सीमेवरच्या मैंदर्गीचे, त्यामुळे जिव्हाळ्याच्या वस्तू कानडीतच. वर्षभरापासून त्यांनी भाकरी सोडली होती. सकाळी वाटीभर तूप, दुपारी लोण्याचा गोळा आणि त्यावर शेंगाचटणी. इंजिनाला वंगण लागतं, मग मांडीला का नको, असा त्यांचा सवाल. सगळी गल्ली हसायची. मी मात्र शिष्य झालो. बँकेत बसून बसून माझ्या अंगात ताकद नव्हतीच, अक्कलही तेवढीच होती.

थोड्याच दिवसांत पोट पुढे आणि मी मागे, अशी आमची वरात निघू लागली. जिन्यात मध्येच थांबून मी उगाच मोबाइल बघायचो. डॉक्टर म्हणाले, नुसत्या तुपालोण्यावर राहिलात तर चरबी स्नायूंतही शिरते. मग ते भरलेले दिसतात, पण कामाला येत नाहीत. बायको हेच कमी शब्दांत सांगत होती.

अण्णांना हे सांगायचा धीर होईना. आमच्या ग्रामदैवताची गड्ड्याची यात्रा जवळ आली होती. त्यातली नंदीध्वजाची उंच, जड काठी ते तरुणपणापासून पेलत आलेले; त्यासाठीच तर तूप. सरावाला त्यांनी काठी कमरेला लावली, चार पावलं टाकली आणि मांड्या थरथरू लागल्या. इतरांनी काठी झेलली. अण्णा कट्ट्यावर जाऊन बसले.

मी शेजारी बसून डॉक्टरांचं सगळं सांगून टाकलं. विचारलं, भाकरी सोडलीतच कशाला? वाटलं, आता पुन्हा वंगण निघणार.

"सोडली न्हाय वो," ते म्हणाले. "थापणारी गेली. विकतची गळ्याखाली उतरत न्हाय."

अण्णांच्या पत्नी, आमच्या अक्का, जाऊन वर्ष झालं होतं. आणि मी भिंतीपलीकडे राहून ते सगळं आहारशास्त्र समजत होतो. चरबी माझ्या डोक्यातही शिरली असावी.

यंदा काठी त्यांच्या पुतण्यानं धरली. अण्णा आता पुढच्या वर्षाचं बोलतात. रविवारी आम्ही दोघं त्यांच्या स्वयंपाकघरात भाकरी थापतो. माझ्या फाटतात, त्यांच्या करपतात. परवा एक चक्क टम्म फुगली. अण्णांनी माझा दंड धरला. दाबून बघितला नाही, नुसता धरून उभे राहिले.